गंज

हापसालूत हिवाळ्यात चारलाच अंधारतं.
खाडी गोठते, उन्हाळ्यातले चिखलस्नानवाले निघून जातात,
आणि स्टेशनच्या त्या लांबच लांब फलाटावर,
जिथे आता गाडी येत नाही,
कुणीतरी कुत्र्याला फिरवत असतं.

माझी खोली औषधाच्या दुकानामागे.
एक खुर्ची, एक टब, एक यंत्र.
भिंतीवर तक्ता: नारिंगी म्हणजे सांधे,
हिरवट म्हणजे पित्ताशय,
काळे ठिपके म्हणजे जड धातू.
तक्ता यंत्राबरोबर फुकट आला होता.
यंत्र फुकट नव्हतं.

वीस मिनिटांत पाणी रंग धरतं.
लोक वाकून बघतात,
महिनाभर घरात खुडबुडणारा उंदीर
अखेर पिंजऱ्यात सापडावा, तसे.
"हे सगळं माझ्यात होतं?"
हो आणि नाही यांच्या मध्ये
मान हलवायची एक जागा असते.
ती मला सापडली आहे.

पहिल्याच वर्षी, एका रात्री, दार लावून
मी यंत्र पायांशिवाय चालवून पाहिलं.
नुसतं कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ.
वीस मिनिटांत सगळं हजर:
सांधे, पित्ताशय, काळे ठिपके.
टबाला कुठलं आलंय पित्ताशय.
मी दिवा न लावता बसून राहिले.
अकरा हप्ते बाकी होते.
मग टब घासला, दोनदा,
आणि सकाळी नऊची वेळ कायाला दिली होती, ती आली.

एंडेल मंगळवारी येतो.
चौतीस वर्षं जहाजांचे तळ खरवडून रंगवले त्याने.
टाचा भेगाळलेल्या, डाव्या पायाचं एक बोट
कुठल्याशा साखळीखाली राहिलेलं.
मोज्याला आधी निळी रफू असायची,
बारीक, ओळीत. लेइदाच्या हातची.
आता मोजा फाटला की फाटलेलाच येतो.

पाच मंगळवार तो काही बोलला नाही.
सहाव्या वेळी पाणी चांगलं लालभडक झालं
आणि मी तक्त्याकडे हात नेला, तर म्हणाला,
"तुझी ती लोखंडी पट्टी सडतेय, माइमू.
हा रंग मी जन्मभर खरवडलाय.
केसांतून काढलाय, दातांतून काढलाय.
मला नको शिकवू गंज."

यंत्र गुणगुणत होतं.
मला बंद करायचं सुचलं नाही.
म्हटलं, पैसे परत देते. सहाही वेळचे.
तो म्हणाला, "टॉवेल दे. पाणी गार होतंय."
मी पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतून,
जसे नेहमी पुसते.
तो छताकडे बघत होता.
मग म्हणाला, "वाकता येत नाही गं आता.
नखं काढशील का? पुढच्या वेळी
ते यंत्र लावू नकोस. दोन युरो कमी घे."

पुढच्या मंगळवारी मी वायर गुंडाळून ठेवली.
पाणी शेवटपर्यंत पाणीच राहिलं.
विचित्र वाटत होतं, दोघांनाही.
त्यात त्याचे पाय दिसत होते, पांढुरके,
घरंगळत किनाऱ्याला आलेल्या लाकडासारखे,
आणि एक नख, जे माझ्या कात्रीला दाद देईना.
"पकड आण," तो म्हणाला. "मोठी."
मी हसले. तोही, खोकत.
वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती.

बुधवारी शाळेतली बाई आली, कायाची मैत्रीण.
झोप लागत नाही, अंगात काहीतरी साचलंय म्हणाली.
मी वायर उलगडली. मीठ टाकलं.
अजून चार हप्ते आहेत.
पाणी रंग धरू लागलं तशी ती पुढे वाकली,
चेहरा उजळला तिचा, खरोखर उजळला.
"हे सगळं माझ्यात होतं?"

मान हलवायची ती जागा
त्या दिवशी मला पटकन सापडेना.