चालेल का?

सुनेने केबिनमधला कागद मोठ्याने वाचला:
सायंकाळी सहानंतर भोजनगृहात
पुरुषांनी बंद बूट घालावेत.
मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं,
हेरंबने तिच्याकडे,
आणि शैलाने खिडकीबाहेर, बहारीनकडे.

मी विचारलं, चप्पल चालेल का?

आपली अख्खी भाषाच हे विचारत आली आहे.
बिनसाखरेचा चालेल का,
पत्रिका नाही जुळली तर चालेल का,
पैसे पुढच्या महिन्यात दिले तर.
चपलेच्या बाबतीत मात्र
उत्तर आत शिवलेलंच असतं.
चालेल. दुसरं काय करणार ती?

तपकिरी, दोन पट्ट्यांची,
मनामाच्या बाजारातली, घासाघीस करून सव्वादोन दिनार.
डाव्या अंगठ्याला नख नाही, म्हणून घेतलेली.
ते नख इथेच आहे कुठेतरी, समोर,
हिद्दच्या सुक्या गोदीत,
ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये,
एका ग्रीक टँकरखाली.

सत्तावीस वर्षं मी जहाजं खालून पाहिली.
डोक्यावर लोखंडाचं आभाळ,
त्याला शिंपले चिकटलेले, गळणारं खारं पाणी,
आणि पायात पोलादी टोकाचे बूट.
पाळी संपल्यावर उपडे केले
की कपभर घाम निघायचा.
तेव्हा कुठल्या जहाजाने विचारलं होतं
माझ्या पायात काय आहे ते?

खोटं कशाला बोलू, विचारायचे.
सेफ्टीचा विल्सन गेटवरच उभा असायचा.
बूट नसले की अर्धा रोज कापायचा.
कागदावरची ती ओळ
मी आधी वाचलेली आहे,
पिवळ्या पाटीवर, तीन भाषांत.

म्हणूनच गेलो चप्पल घालून.
शैलाच्या समाधानासाठी आत मोजे चढवले.
त्याने ते आणखीच वाईट दिसलं.

दारात परकार. बिल्ल्यावर एवढंच.
हसला, गुड इव्हनिंग म्हणाला,
नजर खाली जाऊन आली.
मग हळूच, मराठीत:
काका, कोपऱ्यातलं टेबल देतो.
तिथलं कापड जमिनीपर्यंत आहे.
दाभोळचा निघाला.

बसलो. चार काटे, तीन सुऱ्या.
त्यातला एक काटा पडला, आणि मी वाकलो,
कापड उचलून आत डोकावलो.
सवयच आहे, खालून बघायची.

सुनेच्या टाचा सोनेरी हीलमधून बाहेर,
एकमेकींना चोळत.
हेरंबच्या नव्या बुटाच्या नाड्या सुटलेल्या, पाय वर काढलेला.
शैलाने तर एक पाय दुमडून
चक्क खुर्चीवर घेतलेला.
शेजारच्या टेबलाखाली कापड आखूड होतं.
तिथला काळ्या सुटातला जर्मन म्हातारा
मोजे काढून
गालिच्यात बोटं रुतवून बसला होता,
वाळूत बसावं तसा.

आई म्हणायची, पानावर बसताना पायातलं बाहेर.
सगळी पंगत ते पाळत होती,
पांढऱ्या कापडाखाली, चोरून.
त्या कोपऱ्यात पायात काही ठेवून जेवणारा
मी एकटाच.

काय झालं बाबा? सून म्हणाली.
काही नाही. काटा.

जहाज हललं. खिडकीतून गोदी सरकू लागली.
रात्रपाळी. एका पोटाखाली निळी ठिणगी पेटली,
विझली, पुन्हा पेटली.
सांधा नीट भरत नसावा.
मी सूप येईपर्यंत तिकडेच बघत होतो.

परकारने बशी ठेवली.
त्याचे बूट आरशासारखे,
फक्त उजव्याची शिवण उसवलेली,
तिच्यावर काळं मार्कर फिरवलेलं.
तू कधी जेवतोस रे?
साडेअकराला, काका. खाली.
बूट घालून?
छे. चपला घालून.
तिथे चालतात?

तो हसला, बशी अर्धा इंच सरळ केली.
तिथे कोण बघतंय, म्हणाला,
आणि पुढच्या टेबलाकडे चालत गेला.