पुढचं हँडल

पूर्वी हँडल तुझ्याकडे असायचं, विगिल.
मी मागे बसून तुझ्या शर्टावरचा
घामाचा नकाशा वाचायचे
आणि पायडल मारल्याचं नुसतं दाखवायचे.
तुला कळायचं. चढावर म्हणायचास,
"नोटबुर्गा, आज वारा मागे ओढतोय."

आता तुझ्या नजरेचा मधला भाग गेला.
पाव खाऊन कडा उरावी
तेवढाच उजेड उरलाय.
म्हणून पुढे मी.

काल्टर्नच्या जुन्या स्टेशनातून निघालो.
रूळ कधीच उपटले, गाडीच्या वाटेवर डांबर आलं,
आणि डांबरावर फक्त सायकली.
मोटार नाही, हॉर्न नाही.
आगगाडीला झेपेल असा चढ
सत्तरीतल्या गुडघ्यांनाही झेपतो,
हे आखणाऱ्याच्या ध्यानीमनी नसेल.

मी सांगत जाते:
डावीकडे मेंडेलचा कडा, अंगभर ऊन.
सफरचंदांवर गारांची जाळी.
पुढे एक कुटुंब, चार हेल्मेटं,
सगळ्यांत लहान हेल्मेट रडतंय.
"का रडतंय?"
"चेन पडली असेल."
"थांबव."
उतरून तू चाचपडत चेन चढवलीस,
आणि काळी बोटं पुसली नाहीस मुद्दाम,
वाटभर मिरवलीस.

मग तो तुकडा आला,
जिथे तू आणि कासियाननं
चेस्टनटच्या दांड्यांचा मांडव घातला होता
फेर्नात्शच्या वेलींना, लग्नाच्या आदल्या वर्षी.
वाटेवर ओणवा झालेला मांडव,
खालून जाताना डोकं वाकवावं लागायचं.
मी म्हणाले, "आहे तसाच आहे.
घड काळे पडायला लागलेत."

खोटं.
कासियानच्या पोराने गेल्या हिवाळ्यात तो पाडला.
यंत्र फिरावं म्हणून सरळ तारा ओढल्या,
पांढऱ्या द्राक्षाची बोटभर कलमं लावली,
एकेकीला प्लास्टिकचा पायमोजा.

तू बोलला नाहीस.
फक्त तुझे पाय थांबले.
एका सायकलवर दोघं असली
की मागचं थांबणं पुढच्याला लगेच कळतं.

नंतर जंगल. पाइनचा डिंक, खडीची कुरकुर,
मोठ्या तळ्यावर पोहणाऱ्यांचा गलका,
म्हणून आपण लहान तळ्याकडे वळलो.
तिथे लाकडी फळीवर बसून
तू बूट काढलेस, मोजे बुटांत नीट कोंबलेस,
आणि मग म्हणालास,
"मांडवाखाली चाकं घुमायची.
बोळातून चाललोय असं वाटायचं.
आज घुमली नाहीत."

मी चीज कापत राहिले. खूप बारीक कापलं.

"कुठलं लावलंय?"
"पांढरं."
"दांडे?"
"बांधावर रचलेत. पावसात भिजतायत."
"हं. आणि हे तळं आहे ना?
की तेही तूच सांगतेस म्हणून?"

मी तुझा हात धरून पाण्यात बुडवला,
मनगटापर्यंत, घड्याळासकट.
तू हसलास. कमळाचं पान बोटांना लागलं,
ते तू ओळखलंस, सोडलंस,
पुन्हा शोधून काढलंस.

"परतताना खरं सांग.
कुरूप असलं तरी चालेल."

परतताना मी सांगितलं.
तारा गंजायच्या आधीच ढिल्या पडल्यात.
पायमोजे निळे आहेत, भयंकर निळे.
तिसऱ्या रांगेतली दोन कलमं मेलीत.
पोरानं टोकाला एक जुना वेल ठेवलाय,
का ते मला माहीत नाही,
विसरला असेल.
"रांगा किती?"
मी मोजत गेले, सतरा, अठरा,
मध्ये एक कुत्रं आडवं आलं
आणि आकडा निसटला.

"मग मागे वळव," तू म्हणालास,
आणि माझ्याआधी तुझाच पाय
पायडलवर जोरात पडला.