असल्यास

फॉर्मच्या सातव्या रकान्यात छापलंय:
दुसरं विशेषीकरण, असल्यास.
पहिलं भरून झालंय केव्हाच, अकाउंटिंग,
माझ्या नावाइतक्याच सवयीच्या अक्षरात.
दुसऱ्यापुढची रेघ कोरी,
आणि ती शुक्रवारी पाचला बंद होते
खिडकीतल्या बाईसकट.

ड्युलूथमध्ये डिसेंबर आहे.
पूल वर गेलाय.
सरोवर गोठायच्या आत
गहू भरायला एखादी शेवटची बोट येतेय
आणि आम्ही सगळे इंजिनं बंद करून
रांगेत, आपापल्या वाफेत.
फॉर्म शेजारच्या सीटवर,
पट्टा न लावता बसलेल्या पाहुण्यासारखा.

थोर्स्टाड सर म्हणाले,
"सप्लाय चेन घे जोडीला. पाचच तर विषय."
पाचच म्हणताना त्यांनी पाची बोटं उघडली,
मला मूठ सुटल्यासारखी वाटली.
पाच विषय म्हणजे एक सत्र जास्त,
एक सत्र म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात
संध्याकाळच्या एकशे दहा पाळ्या,
खिळे तोलायचे, किल्ल्या कापायच्या,
घरी येऊन नखांतून पितळेचा कीस काढायचा.
हा हिशेब मी एका दमात करते.
पहिलं विशेषीकरण कामाला येतं ते असं.

पा न्हिया शियाँगने दोन्ही केली होती,
फायनान्स आणि मार्केटिंग.
आता हर्मनटाउनला विम्याच्या ऑफिसात असते.
विचारलं तर हसली,
"मुलाखतीत एवढंच विचारलं,
बर्फात गाडी चालवता येते का."
मग जरा थांबून,
"पण मार्केटिंगच्या वर्गात
मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला."
आता यातलं कुठलं वाक्य कुठे मांडू?
जमेला की नावे?

बाबांचं मासे धुरवायचं दुकान होतं
किनाऱ्याने वर, नाइफ रिव्हरपाशी.
वह्या मी लिहायचे, बाराव्या वर्षापासून.
सेंटपर्यंत जुळायच्या.
दुकान बंद झालं त्या दिवशीही जुळल्या.
मासा कुठून येतो, कधी यायचा थांबेल,
मेपलची लाकडं ओली का आली,
शीतगाडी कुठल्या वळणावर अडली,
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.
बाबांनी माझ्या बेरजेखालून बोट फिरवलं.
"वेर्ना, अक्षर छान आहे गं तुझं."
एवढंच.

तेव्हा मी पदवी घेतेय
की नऊ वर्षांपूर्वीच्या एका दुकानाला
उशिरा उत्तर लिहितेय?
आणि पोस्टेज एकशे दहा संध्याकाळी?

बोट पुलाखालून सरकते.
ती भोंगा देते, पूल भोंगा परत करतो,
काचेवरचं दव थरथरतं.
कुशीवर नाव रंगवलंय, त्याखाली बंदराचं,
मला न वाचता येणाऱ्या लिपीत.
हिला कुणीतरी कळवलं असणार,
नीघ, माल तयार आहे, पाणी अजून मोकळं आहे.
त्या कुणीतरीचं नाव
बोटीवर कुठेच नाही.

पेन काढते. शाई गोठलेली.
तोंडाची वाफ देते,
पार्किंगच्या पावतीवर रेघोट्या ओढते
निळं उमटेपर्यंत.
सातवा रकाना तसाच ठेवून
पान उलटते, वसंत सत्राचे विषय,
आणि तिथे एकच लिहिते:
साठवण आणि वाहतूक, मंगळवार, गुरुवार,
सकाळी आठ.
बावीस पाळ्या.
पदवीवर याचं नाव येणार नाही.
थोर्स्टाड सर भुवया उंचावतील,
आईला तर सांगायचंच नाही अजून.

पूल उतरतो.
मागचा हॉर्न मारतो, मग त्याच्या मागचा.
असल्यास, मी मोठ्यांदा म्हणून बघते,
गाडीतल्या गाडीत,
आणि किल्ली फिरवते.
पहिल्या खेपेला ती सुरू होत नाही.