आवक-जावक

तांबड्या पुठ्ठ्याची वही. रकाने नऊ.
तारीख, वेळ, कुठे सापडले, अंगावर काय,
वजन, नाव असल्यास, वडिलांचे नाव, शेरा.
शेवटचा रकाना जावक.

पान एकोणतीस माझं.
एकवीस जुलै, पहाटे पाच, मागचा ओटा.
"सापडले" खोडून वर लिहिलंय: दिले.
हिरव्या लुगड्याचा तुकडा, कमरेला काळा दोरा.
सात किलो, मासळीच्या काट्यावर.
नाव जाई.
शेरा: "चतुर्थीक येतंय" असे म्हणून गेली.

कुठल्या वर्षीच्या, ते सिस्टर युफेमियानं विचारलं नाही.
तिला ठाऊक होतं,
होड्या वर ओढून झापांखाली गेल्या
की वेंगुर्ल्याच्या या टेकडीवर आवक वाढते,
आणि रिकाम्या हातांना प्रश्न विचारू नयेत.

फादर ज्योकिमनी माझ्यासाठी नाव काढून ठेवलं होतं,
एका संतिणीचं, लांबलचक.
सिस्टर म्हणाली, आई यायची आहे हिची.
आली तर ती हाक कुठली मारील?

वडिलांच्या रकान्यात तिनं भावाला बसवलं.
इनास लोबो, भटारखान्यातला, बिनलग्नाचा,
शाळेच्या दाखल्यांवर एक्केचाळीस पोरांचा बाप.
नाताळात नेवऱ्यांचा डबा घेऊन यायचा,
आणि दारातच घाबरायचा
आम्ही सगळी एकदम "बाबा" म्हणून ओरडलो की.

दर चतुर्थीला
माझ्या डोक्यावर खोबरेल, दोन घट्ट वेण्या,
इस्त्रीचा फ्रॉक.
पुढच्या पायरीवर सिस्टर आणि मी.
खाली राऊळांच्या घरात आरती,
वाटेनं माटवीचं सामान नेणारी माणसं,
आणि सिस्टर उगीच माझ्याकडून तेराचा पाढा म्हणवून घेणार.
तेरा साती एक्क्याण्णव.
फाटक वाजलं.
राऊळांची सून, मोदकांचं तबक घेऊन.
तेरा आठी...
पुढचं मला कधीच आठवायचं नाही.
जेवणाची घंटा झाली की ती उठायची,
फ्रॉक झटकायची, माझा,
आणि म्हणायची, चल, आमटी निवते.

अकराव्या वर्षी मी बसले नाही.
वेणी सोडली, वरच्या वर्गात कडी लावून
भूगोलाचं पुस्तक उलटं धरून बसले.
खिडकीतून दिसत होती
पायरीवर एकटी सिस्टर,
शेजारी ठेवलेली माझी चप्पल.

नंतर इनासबाबा गेला.
दफनाला पोरं इतकी आली
की खांदा द्यायला पाळ्या लावल्या.
नंतर माझ्या जावक रकान्यात लिहिलं गेलं:
शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, आरोंदा.
अक्षर जरा हललेलं आहे.

आज सुट्टीला आले आहे.
सिस्टरच्या दोन्ही डोळ्यांत सारा पडलाय,
ती मला पावलांवरून ओळखते,
आणि अजून दर चतुर्थीला पायरीवर बसते म्हणे,
सवय आहे, गुडघ्यांना ऊन लागतं.

रात्री साडेअकराला कुत्रं भुंकलं.
फाटकाच्या आत पाटी होती, सुकटीच्या वासाची,
पाटीत गोणपाट, गोणपाटात तो.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
नुसती एक सायकल
चढावर दम लागल्यासारखी दूर जाताना.

तू लिही, सिस्टर म्हणाली, मला ओळी दिसत नाहीत.
मी लिहिलं. तारीख, वेळ.
दोन किलो तीनशे, काटा तोच.
वडिलांच्या रकान्याशी पेन थांबलं,
तर काळोखातून आवाज आला, इनास.
मेलेल्याला काय अडचण आहे?

शेऱ्यात काय घालू?
कुणी काही सांगून गेलं नाही, सिस्टर.
चतुर्थी नाही, नाताळ नाही,
नावसुद्धा नाही.

तिच्या मांडीवर चमचा वाटीला लागत होता.
दूध प्यायला, ती म्हणाली.
लिहिलं.
किती ते लिही.
मी वाकून वाटीत पाहिलं.