बेचाळीस अक्षरांत

मिनिटाला साठ रुपये मिळतात.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून जास्त नाहीत,
आणि पडद्यावर ओळ फार तर सहा सेकंद.
एवढ्यात दोन माणसांचं प्रेम बसवायचं.

आज तेरावा भाग.
कादंबरी मी आधीच वाचली होती,
अप्पा बळवंतच्या फुटपाथवर ऐंशी रुपयांना मिळालेली,
इंग्रजी अनुवाद,
पान दोनशे बारावर कुणाच्या तरी चहाचा डाग.
त्या पानावर एकाला ताप आहे.
दुसरा त्याच्या कपाळावरची पट्टी बदलतो
आणि भांडतो, की दुपारी जेवला नाहीस, वर खोटं बोललास.
भांडता भांडता त्याच्या पायाची नखं कापतो.
बस. एवढंच होतं.
मी ते यतीनला मोठ्यानं वाचून दाखवलं,
तर म्हणाला, हा लेखक आपल्याकडे राहून गेलाय.

मालिकेत ताप नाही. नखं नाहीत.
दोघं पुलावर उभे, बर्फ पडतोय,
केस एकाचेही विस्कटलेले नाहीत.
ओठ जवळ येतात
आणि कॅमेऱ्याला एकाएकी
शेजारचं झाड आवडायला लागतं.
शेवटच्या भागात काय होणार ते न बघता सांगतो:
एकाला असाध्य आजार, दुसऱ्याला बायको.
बघणारे डोळे पुसतील, म्हणतील, किती निर्मळ.
निर्मळ म्हणजे
ज्यात कुणी कुणाचा टॉवेल वापरत नाही.

त्यांच्या भाषेत क्रियापदाला लिंग नसतं म्हणे.
आपल्याकडे लपायला जागा नाही.
'आवडतेस' की 'आवडतोस',
फरक एका कान्याचा, आणि सगळं उघडं.
मी लिहिलं: तू मला आवडतोस.
आठ अक्षरं. चौतीस शिल्लक.

मुंबईहून मेल आली:
'आवडतोस' जरा थेट होतंय.
'तुझी मैत्री अनमोल आहे' चालेल का?
घरातली मंडळी एकत्र बसून बघतात.

घरातली मंडळी.
आम्ही दोघं, डहाणूकर कॉलनी, दुसरा मजला,
अकरा वर्षं.
करार करताना हर्डीकरांनी चष्म्यावरून विचारलं होतं,
'भाऊ भाऊ का?'
समोर कागदावर आडनावं वेगळी.
यतीन म्हणाला, 'मावसभाऊ.'
मी मान हलवली.
तेव्हा तर कुणी मिनिटाला साठ रुपयेही देत नव्हतं.

आतल्या खोलीत दुसरा पलंग आहे.
निळी चादर, एक उशी, उशाशी रिकामा तांब्या,
आणि उघडं पालथं घातलेलं पुस्तक,
कुणीतरी वाचता वाचता उठून गेल्यासारखं.
दर दिवाळीला आम्ही ते पुस्तक बदलतो.
कलादिग्दर्शन यतीनचं.

म्हणून त्या मालिकावाल्यांना शिव्या घालताना
तिसऱ्या शिवीला माझी जीभ अडखळते.

यतीन ओट्यापाशी गवार मोडतोय.
चाळीस रुपये पाव,
भाजीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय.
मध्येच ओरडतो,
'आलं का रे तुझ्या त्या पोरांचं चुंबन?'
'झाड आलं,' मी म्हणतो.
'कसलं झाड?'
मला सांगता येत नाही. त्या झाडाची ओळ नव्हती.

'आवडतोस' तसंच ठेवून मी फाईल पाठवून देतो.
बदलतील ते.
माझं नाव तसंही शेवटी येत नाही.

आज पाच तारीख. बेल वाजते,
एकदा लांब, एकदा आखूड, म्हणजे हर्डीकर.
यतीन हात पुसत दाराकडे जातो
आणि मी, कुणी काही सांगितलेलं नसताना,
आत जाऊन निळ्या चादरीला
रात्रभर कुणी झोपल्यासारख्या
चुण्या पाडतो.