नखावरची धार

ऑगस्टचे अजून दहा दिवस आहेत.
अल ऐनच्या रस्त्यावर सत्तेचाळीस,
आत रिंकवर उणे पाच.
मधल्या दारात मी स्वेटर चढवतो, उतरवतो,
दिवसातून अकरा वेळा.

अण्णा कराडला वस्तरा पाजवायचे,
कातडी पट्ट्यावर, चटक पटक,
आणि धार बघायचे स्वतःच्याच अंगठ्याच्या नखावर.
मी फिरत्या दगडावर स्केटची पाती धरतो.
ठिणग्या निराळ्या, नख तेच.
"शेवटी धारच लावतोयस की," फोनवर म्हणाले होते,
आणि हसले की खोकले, कळलं नाही.

सव्वीस सप्टेंबरला पहिलाच सामना, दुबईशी.
मार्चमध्ये त्यांनी आम्हाला जादा वेळेत हरवलं,
नऊ सेकंद उरले होते, आणि पक आर्तिसच्या पायांमधून...
हे वाक्य आमच्यात अजून कुणी पूर्ण करत नाही.
वर उन्हाळ्यात त्यांनी आमचा मारेक पळवला.
त्याचं लॉकर पुसताना एक मोजा निघाला.
टाकवत नाही. ठेववतही नाही.

कोच तौनो फिनलंडचा. बोलतो कमी, त्यातली निम्मी शीळ.
फिजिओच्या फळ्यावर निळ्या अक्षरात:
आर्तिस, जांघेचा स्नायू, चार आठवडे.
योसेफ, गुडघा, डिसेंबर, तोही नशीब असेल तर.
हुमैद, कॅप्टन, ठणठणीत.

काल हुमैदची जोडी आली.
उजव्या पात्याची आतली कड पार गेलेली.
डाव्याची तशीच, शनिवारी मी लावली होती तशी.
तीन दिवस हा माणूस एकाच पायावर वळतोय.
डावीकडे काहीतरी आहे, कंबरेत,
आणि ते त्याला माहीत आहे.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे.
तो मला महदी म्हणतो, महादू त्याच्या जिभेला जड.
"यल्ला महदी," म्हणाला, "डाव्याला जरा अजून धार."
नखावरून ओढलं. पांढरा भुगा सुटला.
धार पुरेपूर होती.

रात्री तुफैलचा फोन. वजीराबादचा,
त्याच्या गावात म्हणे पाळण्यातली पोरंही सुरी ओळखतात.
मुसाफ्फात तीन वर्षं एक खोली, त्याचं पातेलं, माझी फोडणी.
आता दुबईवाल्यांची पाती त्याच्या हातात.
जेवलास का, कुकरची शिट्टी मिळाली का,
आणि मग, आत्ताच आठवल्यासारखं,
"तुमचा कॅप्टन कसाय?"
"घोडा," मी म्हणालो. "तुमचा मारेक?"
"अल्हमदुलिल्लाह. शेर."
मग दोन्हीकडे थोडा वेळ नुसता एसी वाजत राहिला.
त्यानंही पाती पाहिलीच असणार.

अण्णांचा नियम होता,
खुर्चीत कानावर आलेलं केसांबरोबर झाडून टाकायचं.
पाटलाचं कर्ज, मास्तराचा आजार,
सगळं सुपलीत, सुपली उकिरड्यावर.
पण खुर्चीतल्या माणसाला छत्तीस दिवसांनी
कुणी फळीवर आपटणार नव्हतं.

कोचनं दारातून विचारलं, "सगळं ठीक?"
मी दगड चालू केला. आवाजात काही ऐकू जात नाही.
डाव्या पात्याची खाच थोडी उथळ ठेवली,
बर्फ कमी धरेल, कंबरेला हिसका कमी.
हुमैदला सांगितलं नाही.
हे सांभाळणं की फसवणं,
नखावर बघता येत नाही.

इथले म्हातारे म्हणतात, सुहैल उगवला की उन्हाळा मोडतो.
सुहैल म्हणजे आपला अगस्ती.
तो दिसला की कोयनेचं गढूळ पाणी निवळतं, अण्णा सांगायचे.
ज्यानं समुद्र पिऊन टाकला,
त्याचीच वाट बघतात या वाळूत.

पहाटे चारला बर्फाचं यंत्र शेवटची फेरी मारून थांबलं.
मागे ओला आरसा, एक रेघ नाही.
मी बाहेर आलो, दक्षिणेकडे तोंड केलं,
आणि चष्म्यावर भसकन वाफ धरली.
सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिलो.
पुसून होईतो उजाडलं होतं.