चौथा डबा

खोलीत एसी अठरावर. माझ्यासाठी नाही.
मी गच्चीवर झोपतो, मुहर्रकच्या ओल्या उकाड्यात,
आत डबे झोपतात.
कपाटातही डबे, म्हणून शर्ट खिळ्याला.

पहिले तीन परकारचाचांचे, मूळच्या दापोलीच्या.
ऑइल कंपनीच्या कॅम्पात, उघड्यावर,
वाळूत खुर्च्या रोवून ते सिनेमा दाखवायचे.
वारा सुटला की पडदा फुगायचा
आणि तलवारबाज गरोदर दिसायचे, असं सांगत.
वारले, तेव्हा मुलगा म्हणाला,
एवढं लोखंड विमानात कोण घेणार?

झाकण काढलं की शिरक्याचा वास.
चाचांनी शिकवलेलं: नाकाने ओळखायचं,
आंबट आलं की हिरोचे दिवस भरत आले.
मी एसी दुरुस्त करणारा माणूस,
मला गार ठेवणं एवढंच येतं. तेवढं करतो.

तिसऱ्या डब्याच्या शेवटी
हिरो दातांत कट्यार धरून
डोलकाठीवरून, दोराला लटकून, उडी घेतो,
आणि पांढरी चादर.
रिळाचं शेपूट नुसतं फडफडत राहतं.

चार वर्षं तो हवेत होता.
दर शुक्रवारी.
दिलबहादुर म्हणायचा, मेला असणार.
शिलाईवाला रफीकुल म्हणायचा, छे, दोर चांगला आहे.

मग मनामाच्या एका भंगारवाल्याकडे चौथा डबा.
चाळीस दिनार. लेबल फाटलेलं,
पण भिंगातून गलबत दिसलं, शिडं दिसली.
रात्री बसून सांधा जोडला.
शुक्रवारी लावलं,
तर उतरला तो दुसराच.

दुसरं गलबत, दुसराच सिनेमा.
उडी घेतली तेव्हा सडपातळ, कोवळी मिशी,
फळ्यांवर पाय टेकले तेव्हा पोट सुटलेलं,
दातांतली कट्यार गायब.
तरी लढला. धापा टाकत, पण लढला.
दिलबहादुरने शिट्टी मारली.
रफीकुल म्हणाला, दोर लांब होता,
वेळ लागला असेल.

सांधा मी तोडला नाही.

गेल्या मे महिन्यात चिपळूणला एसटीतून उतरलो.
वैजू स्टँडवर आली होती.
तिची नजर माझ्यावरून पुढे गेली,
मागच्या माणसाकडे,
मग परत आली.
म्हणाली, बॅग द्या इकडे.